बठ्ठा गाय

खैरवाड्याचं तळं चैतातच आटलं आणि दगडीबाईला बरं वाटलं. तळं आटलं म्हणून खूश होणारी बाई सातपुड्याच्या पायथ्याला ही एकच असेल. बाकीच्या बाया हंडे मांडून टँकरची वाट बघत बसल्या आणि ही टोपलं-फावडं घेऊन तळ्याच्या पोटात उतरली. वरचा थर उन्हानं तडकून खापरासारखा झाला होता. तो फावड्याच्या धारेनं उचकटायचा, खालचा ओला काळा गाळ टोपल्यात भरायचा, डोक्यावर चुंबळ सारखी करायची आणि टोपलं उचलून बांध ओलांडून आपल्या दोन एकरांत नेऊन उपडं करायचं. असे बावीस उन्हाळे झाले होते. बाई साठी ओलांडून कमरेत वाकली, गुडघे बोलायला लागले, पण मान मात्र सरळच राहिली.

"माय, तुले काही कयस का नही?" बांधावरून ईश्वर ओरडला. हा तिचा मुलगा, स्वभावानं चिडका आणि मनानं भित्रा. "वावर राही का जाई याना पत्ता नही, आनि तू गाय टाकी राहिनी!"

"जाई तधय जाई," दगडीबाई म्हणाली. "आज त मनं शे ना? तू फावडं धर."

इथं एक सांगून ठेवायला हवं. या मुलखात 'ळ' माणसांच्या जिभेवर टिकत नाही. डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया होते आणि गाळाचा गाय होतो; सगळा गाळ म्हणजे बठ्ठा गाय. गोठ्यातली दूध देणारीही गायच. पण त्यावरून आजवर कुणाचा घोटाळा झालेला नाही, कारण गाळ असला की 'गाय काढा', म्हणजे काढला, म्हणतात आणि जनावर असलं की 'गाय काढी', म्हणजे काढली. दोन वर्षांचं पोर हे चुकत नाही. चुकायला शिकलेलं माणूस लागतं.

हे दोन एकर मुळात नुसता मुरूम होता. कुदळ मारली की ठिणगी उडायची. आता दावा लावणाऱ्या योगेंद्रच्या बापानं दगडीबाईच्या नवऱ्याकडून, चंदनकडून, एक भरदार बैलजोडी घेतली आणि बदल्यात हा माळ दिला. पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खरेदी करून देतो म्हणाला. आखाज्या आल्या नि गेल्या, कागद काही झाला नाही. आधी चंदन गेला, मग तोही गेला. तोवर कुणी त्या मुरमाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पण तळ्यापलीकडून मोठा रस्ता आला आणि धुळ्यात प्लॉट पाडून विकणाऱ्या योगेंद्रला बापाचा माळ आठवला. त्यानं दावा ठोकला की जमीन आमचीच, चंदनला फक्त गाय बांधायला दिली होती. तालुक्याच्या कोर्टानं ते मानलं. ताबा सोडा, असा हुकूम झाला. मग धुळ्याला अपील केलं आणि तिथं सुट्टी लागेपर्यंतची स्थगिती मिळाली. सुट्टी लागायला तीन आठवडे उरले होते आणि सुट्टीनंतर पेरणी होती.

त्याच दुपारी ईश्वरचा फोन वाजला. वकील कामिनीताई बोलत होती. बाहेरच्या मुलखातली मुलगी, लग्न होऊन धुळ्याला आलेली, कामाला चोख. अपील तिच्याकडे आलं होतं, खालच्या कोर्टातला वकील दुसराच होता. ईश्वरनं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"आजी, एका गोष्टीनं आपला सगळा घात केलाय. तळ्यातून गाय काढून वावरात टाकत होते, असं तुम्ही स्वतः जबानीत सांगितलंय."

"हां मंग!" दगडीबाई टोपल्यावर हात ठेवून अभिमानानं म्हणाली. "बठ्ठा गाय मीच काढा. दुसरा कोन काढी?"

फोनमधून एक मोठा सुस्कारा आला. "हेच तर त्यांना हवं होतं, आजी. तुमचीच कबुली दाखवून तुम्हाला हरवलं. आता यापुढे कुणासमोर हे बोलू नका. मी बघते काय करता येतं ते."

ईश्वरच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला, आणि तो साफ चुकीचा होता. फोनवर हात ठेवून तो कुजबुजला, "माय, तयं सरकारनं शे. परवानगी लिधी का आपन कधी गाय काढानी? त्यानाच ठपका ठेवेल शे आपलावर!"

ज्या कष्टांनी मुरमाचं वावर केलं, ते कष्टच गुन्हा ठरले म्हणायचे. दगडीबाईनं टोपलं तिथंच ठेवलं.

"आणि हो," कामिनी पुढे सांगत होती, "न्यायाधीश नवीन आले आहेत. हितेंद्र नाव त्यांचं, अमळनेरकडचे. आधी वकील होते, मग राजकारणात होते म्हणे. फार कडक माणूस आहे. आखाजीनंतरच्या सोमवारी आपला नंबर आहे. त्यांना भेटायबिटायला कुणी जाऊ नका. गेलात तर सगळं मुसळ केरात जाईल, सांगून ठेवते."

फोन बंद झाला. दगडीबाई तळ्यातच मटकन खाली बसली.

"काय व्हयनं?" सून उषा धावत आली.

"हितू शे तो," दगडीबाई म्हणाली. "मना माहेरना हितू."

हितू म्हणजे बोरवड्याच्या शाळामास्तरांचा मुलगा. एका गल्लीतला, तिच्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान. वकील झाला आणि पहिलं मोठं काम त्यानं केलं ते दगडीबाईच्या भावाचं, कौतिकचं. त्याच्यावर विहिरीवरची मोटर चोरल्याचा आळ आला होता. त्या वेळी कौतिक आपल्याबरोबर होता असं सांगायला शेजारचा म्हातारा कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, "तो मना जोडे व्हता." आमच्याकडे जोडे म्हणजे बरोबर, जवळ. लिहून घेणारा बाहेरगावचा. त्यानं लिहिलं की त्याच्याकडे माझे जोडे होते. म्हणजे कौतिकवर मोटरीबरोबर म्हाताऱ्याच्या वहाणाही चढल्या. हितू वकील उठला आणि म्हणाला, साहेब, साक्षीदार अनवाणी आला आहे आणि जन्मभर अनवाणीच हिंडतो, गावाला विचारा. मग त्यानं शब्दाचा अर्थ सांगितला. कोर्ट हसलं, कौतिक सुटला आणि हितूचं नाव तीन तालुक्यांत झालं.

त्या नावावर लोकांनी त्याला जिल्हा परिषदेत पाठवलं, एकदा नव्हे दोनदा. भाषण अहिराणीत ठोकायचा. बाया डोक्यावरचा भारा खाली ठेवून ऐकत. आखाजीला माहेरी आलेल्या मुलींच्या झोक्यापाशी यायचा, कौतिकच्या ओट्यावर मांडी घालून दगडीबाईच्या हातच्या चारचार सांजोऱ्या खायचा. "आक्का, कोर्टनं काम पडनं त निस्ती हाक मारजो," असं म्हणायचा. पुढे आमदारकीला उभा राहिला आणि सपाटून पडला. ज्या गावांनी डोक्यावर घेतलं त्यांनीच पाडलं, ते त्याला फार लागलं. सहा महिने घराबाहेर निघाला नाही. मग परीक्षा दिली आणि न्यायाधीश होऊन निघून गेला, नांदेड, सोलापूर, कुठं कुठं. कौतिकच्या तेराव्यालाही आला नाही. न्यायाधीशाला असं कुणाकडे जाता येत नाही, असं गावात म्हणत. काही जण दुसरंही म्हणत.

"मंग जाय ना त्याकडे," उषा म्हणाली. "माहेरना मानूस शे. बहीणनं वावर जाऊ देई का?"

"वकीलबाईनी काय सांगं आते?" ईश्वर उसळला. "कोनी जावानं नही. माय, तुले मनी आन शे."

दगडीबाईनं मान हलवली. पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्या दोघांनी विचारलं नाही.

आखाजीला तिनं पितरांची घागर पुजली, नैवेद्य दाखवला आणि उषानं तळलेल्या सांजोऱ्यांतल्या डझनभर स्टीलच्या डब्यात घातल्या. माहेरी जाऊन येते म्हणाली. भाऊ गेल्यापासून ती माहेरी गेली नव्हती, त्यामुळे ईश्वरला उलट बरंच वाटलं. त्यानं तिला मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत सोडलं. अमळनेरची गाडी आली, तिला तिनं जाऊ दिलं. नंतर आलेल्या धुळ्याच्या गाडीत बसली.

धुळ्यात ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती. विचारत विचारत ती बंगल्याशी पोचली. फाटकाशी स्टुलावर शिपाई बसला होता, झुलाल नावाचा, पन्नाशीचा.

"कोन जोयजे, अक्का?"

"साहेब. मी त्यासनी बहीण शे, बोरवडानी. आखाजीन्या सांजोऱ्या लयेल शेत."

झुलाल स्टुलावरून उठला आणि त्यानं तिला बसायला स्टूल दिलं. वही उघडली, पेन काढलं, पण काय वाटलं कुणास ठाऊक, न लिहिताच आत गेला. दगडीबाईनं पदरानं तोंड पुसलं, डब्याचं झाकण घट्ट आहे ना पाहिलं. हितू आता कसा दिसत असेल, जाडजूड झाला असेल का, याचाच विचार तिच्या मनात चालला होता. वावराचं कसं काढायचं हे तिनं ठरवलंच नव्हतं. आधी खाऊ दे, मग बोलू, एवढंच होतं.

झुलाल परत आला तो वेगळा चेहरा आणि वेगळी भाषा घेऊन.

"साहेबांना बहीण नाही. साहेब इथं कुणाला ओळखत नाहीत. आपण निघा, बाई."

दगडीबाई स्टुलावरून उठली. उठताना गुडघा वाजला, तो आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. खिडकीचा पडदा टीचभर सरकलेला होता आणि त्यामागं कुणीतरी उभं होतं.

"नाव लिखेल नही मी वहीमां," झुलाल हळूच म्हणाला. "जाय आते, अक्का. थांबू नको."

भर उन्हात ती रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीच्या सावलीत आली. घसा कोरडा पडला होता. असा अपमान तिचा सासरीसुद्धा कुणी केला नव्हता, आणि केला कुणी तर माहेरानं. डोळे भरून आले, तेव्हाच मागून आवाज आला.

"अक्का? तुम्ही इकडे कुठे?"

योगेंद्र होता. पांढरा शर्ट, हातात मोबाईल. आवाज मधाळ.

"आखाजी शे ना," ती म्हणाली. "उनी व्हती अशीच."

"साहेबांकडे?"

तिनं डबा पदराखाली घेतला.

"अहो, बसा ना. उन्हाची कशाला वणवण करता या वयात? भाऊ, अक्कांना मोठा ग्लास दे, बर्फ घालू नको." त्यानं स्वतः ग्लास तिच्या हातात दिला. तहान एवढी होती की ती प्यायली. वैऱ्याच्या हातचा रस घटाघटा प्यायली आणि वर मान हलवून बरं वाटलं असंही दाखवलं. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की ती फाटकापासून वळली तेव्हाच त्यानं तोंडासमोर धरलेला मोबाईल खाली घेतला होता. फाट्यापर्यंत तिला दुसरं काही सुचलं नाही.

घरी उषानं डबा उघडला. बारा सांजोऱ्या होत्या तशा. तिनं सासूकडे पाहिलं. सासू चुंबळ शोधत होती.

"माहेरमां कोनी खाद्यात नही का?"

"माहेर राहिनं नही," दगडीबाई म्हणाली.

उषा समजली. ईश्वरला मात्र दोघींनीही सांगितलं नाही. पुढचे तीन दिवस दगडीबाई तळ्यात उतरली ती पहाटे, आणि वर आली ती पाय भाजायला लागल्यावर. गाळ काढणं गुन्हा असेल तर असो. नखाखाली काळं साचलं, चुंबळीच्या जागी टाळू हुळहुळायला लागली. एकदा बांधावर टोपल्यासकट पडली, कोपर सोललं, तशीच उठली. सोमवार जवळ येत होता आणि तिच्या मनात एकच होतं, तो मोबाईल.

सोमवारी कोर्टात गर्दी होती. वर पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. हितेंद्र साहेब येऊन बसले. केस पांढरे, चष्मा जाड, गालफडं बसलेली. जाडजूड झाला असेल असं तिला वाटलं होतं, तसं काहीच नव्हतं. त्यांनी बाकांकडे पाहिलं, पण तिच्यावर नजर थांबली नाही.

कामिनी तयारीनं बोलत होती. बैलजोडी, बापाचा शब्द, बावीस वर्षांचा ताबा. मग ती अडखळणाऱ्या जागी आली.

"साहेब, माझ्या पक्षकार जबानीत गाय बांधल्याचं सांगतात. पण गाय बांधणं हासुद्धा एक प्रकारे ताबाच—"

"एक प्रकारे," योगेंद्रचा वकील बसल्या बसल्या म्हणाला. बाकावर कुणीतरी हसलं.

साहेबांनी जबानीचं पान काढलं आणि संथ आवाजात वाचलं. "तळ्यातून सर्व गाय काढून मी वावरात टाकत असे." थांबले. परत वाचलं, या वेळी मनाशीच. एका गायीला 'सर्व' कसं लागलं, हे त्या शब्दापाशी टेकलेलं त्यांचं बोट विचारत होतं. चष्मा काढला, पुसला, घातला. कामिनी उभीच होती. वर पंखा कुरकुरत होता. आणि मग दहा-बारा वर्षांत साहेबांच्या तोंडून जे कुणी ऐकलं नव्हतं ते ऐकू आलं.

"आक्का," साहेब म्हणाले, "गाय काढा, का गाय काढी?"

दगडीबाई उभी राहिली. हे बोलायचं नाही असं बजावलेलं होतं, सरकारी तळं होतं, गुन्हा होता. पण विचारणारा आवाज कौतिकच्या ओट्यावरचा होता.

"काढा," ती म्हणाली. "बठ्ठा गाय मीच काढा, भाऊ. बावीस उन्हाया काढा. डोकावर टोपलं लईसन काढा. वावर काय झाडले लागेल व्हतं का? मुरूम व्हता तठे निस्ता!"

खाली बसलेला कारकून इथलाच होता. त्याच्या तोंडून "अरे देवा" निघालं. कामिनीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दगडीबाईच्या नखांकडे, आणि तिचा हात कपाळावर गेला.

"गाळ!" ती म्हणाली. "साहेब, गाळ!"

योगेंद्रचा वकील तोवर उभा राहिला होता. तो घाईत नव्हता, त्याला घाईची गरजच नव्हती.

"साहेबांनी पक्षकाराला 'आक्का' म्हटलं, ते ऐकलं सगळ्यांनी. माझ्या अशिलाचं म्हणणं आहे की ही बाई साहेबांच्या गावची आहे आणि आखाजीच्या दिवशी साहेबांच्या बंगल्यावर गेली होती. हा फोटो."

मोबाईल पुढे गेला. फाटक दिसत होतं आणि एक पाठमोरी बाई, डोक्यावर पदर, काखेत डबा. धुळ्यात अशा हजार बाया असतील.

"माय नही गई, साहेब!" मागून ईश्वर ओरडला, आणि तो अगदी खरं समजून ओरडला. "ती माहेरले गई व्हती, मीच सोडं तिले फाटापावत!"

"माझ्या पक्षकार असं करणार नाहीत," कामिनी म्हणाली. "मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. फोटोत चेहरा नाही, साहेब."

सगळं कोर्ट दगडीबाईकडे बघायला लागलं. वहीत नाव नव्हतं. फोटोत तोंड नव्हतं. पोटचा पोरगा साक्ष देत होता. एक 'नही' म्हटलं की झालं, गाळ कळलेला माणूस समोर बसलेला होता आणि वावर हातात होतं. तिनं साहेबांकडे पाहिलं. साहेब कागदाकडे बघत होते. पेन धरलेली बोटं पांढरी पडली होती. मी नही म्हटलं तर यालाही गप्प बसावं लागेल, दगडीबाईला कळलं. मी खोटं बोलीन आणि हा त्यावर सही करील. जोड्यांची गोष्ट सांगून कौतिकला सोडवणारा हितू खोट्यावर सही करील, आणि ती माझ्यासाठी.

"गई व्हती," ती म्हणाली.

"माय!" ईश्वर म्हणाला.

"गई व्हती. सांजोऱ्या लई गई व्हती, चोरी कराले नही गई. त्यासनी घरमां लिधं नही माले. तशीच उनी परत."

कामिनी खाली बसली. तिनं फायलीवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"आली होती," साहेब म्हणाले. आवाज परत साहेबांचा झाला होता, पण पुरता नव्हे. "मी खिडकीतून पाहिलं." मग कारकुनाकडे वळून त्यांनी रोजनामा, म्हणजे त्या दिवसाच्या कामाची नोंद, सांगायला सुरुवात केली. योगेंद्रच्या वकिलानं हरकत घेतली, की मघाचा तो गायीचा प्रश्न रोजनाम्यात येऊ नये. "मी विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं," साहेब म्हणाले. "घ्या. जसंच्या तसं घ्या. काढा, काढी, सगळं." तूर्त स्थगिती कायम ठेवली, म्हणजे यंदाची पेरणी तिचीच. शेवटचं वाक्य सांगताना ते थोडे थांबले. बारा वर्षांत त्यांनी स्वतःकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवली नव्हती म्हणतात. ते वाक्य सांगून झालं आणि साहेब उठून आत गेले.

बाहेर लिंबाच्या सावलीत ईश्वर आईशी बोलत नव्हता. कामिनी बोलत होती, पण चिडून. "आजी, तुमची भाषा समजणारा एक न्यायाधीश मिळाला होता. एकच! तो घालवलात. आता ते ऐकू शकत नाहीत, दुसऱ्याकडे जाईल. आणि त्यांच्यावर तक्रार होईल ती वेगळीच."

"काय लिखं त्यानी शेवटे?" दगडीबाईनं विचारलं. "माले वाची दखाड."

कामिनीनं सांगितलं, नक्कल मिळायला आठ दिवस लागतील, पण तिनं ते उतरवून घेतलं होतं. चिठ्ठी काढून वाचलं. "अपीलकर्ती दगडीबाई ही माझ्या गावची असून ती मला बहीण आहे. सबब हे अपील मी ऐकणे योग्य नाही."

"परत वाच."

कामिनीनं परत वाचलं. तिचा राग अर्ध्यावर राहिला.

"बहीण मानतो, असं लिखं का बहीण आहे असं?"

"आहे, असं."

दगडीबाईनं हात पुढे केला. चिठ्ठी घेतली, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. मग पदर तोंडाला लावून रडली, कोर्टाच्या आवारात, लोकांदेखत. ईश्वर शेवटी जवळ आला आणि तिच्याशेजारी उभा राहिला.

आठवडाभरानं कामिनीचा फोन आला. दगडीबाई तळ्यात होती, फोन उषानं घेतला. प्रकरण दुसऱ्या साहेबांकडे गेलं होतं, ते कोकणातले. कामिनीनं नव्यानं जबानी घ्यायचा अर्ज दिला होता आणि तो मंजूर होईल असं तिला वाटत होतं. पण आजींना एक सांगायचं होतं. गाळ म्हणा. ळ म्हणा. दुसऱ्यांदा घोटाळा झाला तर वावर गेलंच.

उषा तळ्यात उतरली आणि तिनं सासूला निरोप सांगितला.

"गाय," दगडीबाई म्हणाली.

"नही. जीभ वर लाय. टायूले. गाळ."

"गा... य."

"वर, वर. मांगे ले जीभ."

दोघींनी टोपली भरली. चढ चढताना दगडीबाई तोंडातल्या तोंडात जीभ फिरवत होती. बांधावर दम घेतला. घाम डोळ्यात गेला तो तिनं मनगटानं पुसला. वावरात येऊन टोपलं उपडं केलं आणि काळ्या ढिगाकडे बघून, एकेक अक्षर ठेवत, म्हणाली, "सर्व गाळ मी काढला."

स्वच्छ निघालं. उषानं टाळी वाजवली.

दगडीबाई मात्र इकडंतिकडं बघायला लागली, जणू दुसरंच कुणी बोललं होतं. "हाई मी बोलनी का?"

"तूच बोलनी."

"असं बोलनं म्हंजे पटस का कोनले?"

"कोर्टले पटस."

दगडीबाईनं चुंबळ झटकून परत डोक्यावर बसवली.

"हितूबी असाच शिकेल व्हई," ती म्हणाली, आणि टोपलं उचलायला वाकली.